नौवहन महासंचालकांना खुले पत्र : खलाशाच्या कानांची नोंद कोणाकडे आहे?

प्रति,
मा. महासंचालक,
नौवहन महासंचालनालय,
कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई

विषय : जहाजांवरील आवाजाच्या जोखमीचे मूल्यमापन

महोदय,

कुठल्याही जहाजावरची रिस्क असेसमेंटची फाइल काढून इंजिनरूमच्या कामांचे फॉर्म चाळून पाहावेत. आग, तेलगळती, गरम पाइप, घसरून पडणे या ओळी कामागणिक थोड्याफार बदलतात. एक ओळ मात्र कधीच बदलत नाही. धोका : आवाज. पातळी : मध्यम. उपाय : इअर मफ (आवाज अडवणारं कानांवरचं आवरण). प्युरिफायर (तेलातली घाण काढणारं यंत्र) उघडायचा असो, चालू जनरेटरशेजारी उभं राहून दुसऱ्या जनरेटरचं हेड काढायचं असो, की नुसते बिल्ज (तळाशी घाण पाणी साचतं त्या जागा) साफ करायचे असोत, ही ओळ तीच. जुन्या फॉर्मवरून नव्या फॉर्मवर चिकटवलेली. तिच्यावर सेकंड इंजिनियरची सही होते, चीफ इंजिनियरची होते, ऑडिटर येतो, पान उलटतो आणि खूण करून पुढे जातो.

माझी उभी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. त्या अनुभवावर या एका ओळीबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. आपल्याकडे जहाजाचा आवाज मोजतात. त्या जहाजावर राबणाऱ्या माणसाच्या कानात दिवसभरात किती आवाज गेला हे मोजत नाहीत. आणि पंधरा-वीस वर्षांत त्या कानाचं काय झालं, याचा कागद तर कोणाच्याच कपाटात नाही. कंपनीकडे नाही, डॉक्टरकडे नाही, आपल्याकडे नाही, खुद्द त्या माणसाकडेही नाही.

नियमच नाहीत अशी तक्रार मी करणार नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १९८१ मध्ये जहाजावरच्या आवाजाची संहिता केली, पण ती शिफारशीपुरती होती. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी नवी संहिता मंजूर झाली आणि सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या करारातून ती १ जुलै २०१४ पासून बंधनकारक झाली. १,६०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या नव्या जहाजांना ती लागू आहे. इंजिनरूममध्ये ११० डेसिबलपेक्षा जास्त नको, कंट्रोल रूममध्ये ७५, वर्कशॉपमध्ये ८५, गॅलीत (स्वयंपाकघरात) ७५, ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) ६५. केबिनसाठी १०,००० टनांपर्यंतच्या जहाजात ६० आणि त्याहून मोठ्या जहाजात ५५. (हे आकडे मानवी कानाच्या संवेदनेला जुळवलेल्या 'ए' मापातले आहेत.) या संहितेमुळे जहाजबांधणी सुधारली, हे मोकळ्या मनानं सांगायला हवं. नव्या बोटीच्या केबिनमध्ये झोप लागते. आम्ही ज्या बोटींवर उमेदवारी केली, तिथं उशीखाली कान दाबून पडावं लागे.

पण यातला पहिला आकडा नीट वाचावा. कामगाराच्या कानासाठी जगात बहुतेक ठिकाणी जी मर्यादा मानतात ती ८ तासांना ८५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलनं वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सहन करण्याचा वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला १५ मिनिटं. हाच हिशोब ११० पर्यंत नेला तर उघड्या कानाला मिळतं जेमतेम दीड मिनिट. म्हणजे ११० हा आकडा माणसासाठी सुरक्षित म्हणून ठरवलेला नाही. एवढ्या अश्वशक्तीचं यंत्र एका लोखंडी खोलीत चालवायचं तर शिपयार्डला यापेक्षा खाली येणं कठीण, म्हणून तो तिथं आहे. माणसासाठी त्याच संहितेत वेगळं कलम आहे : कानाला संरक्षण नसताना २४ तासांची सरासरी ८० डेसिबलच्या वर जाऊ नये. हे कलम चांगलं आहे. फक्त ते पाळलं जातंय की नाही हे पाहण्यासाठी कोणा मोटरमनच्या (इंजिनरूममधल्या खलाशाच्या) खांद्याला मोजमापाचं यंत्र लावलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

आपण जो नॉइज सर्व्हे रिपोर्ट मान्य करता, तो कसा तयार होतो हे आपल्या सर्व्हेअरना ठाऊक आहे. बोट बांधून होते, ट्रायलवर (चाचणी फेरीवर) जाते, मेन इंजिन निदान ८० टक्के शक्तीवर ठेवतात. पहिल्या दर्जाचं ध्वनिमापक यंत्र घेऊन माणूस खोल्याखोल्यांतून फिरतो, डेकपासून १.२ ते १.६ मीटर उंचीवर मायक्रोफोन धरून आकडे घेतो. काम चोख असतं. रिपोर्ट बोटीवर ठेवावा आणि क्रूला पाहायला मिळावा, असंही संहिता सांगते. अडचण पुढे येते. नव्याकोऱ्या बोटीच्या त्या एका दिवसाचा कागद बारा वर्षांनंतरही 'आवाजाची जोखीम तपासलेली आहे' याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

त्या बारा वर्षांत काय काय होतं? टर्बोचार्जरच्या सक्शन सायलेन्सरचा फेल्ट तेलानं माखून कडक होतो. एक्झॉस्टच्या एखाद्या फ्लँजमधून बारीक गळती सुरू होते, त्यावरचं उष्णतारोधक आवरण, लॅगिंग, उघडं पडतं. जनरेटरखालचे रबरी माउंट बसतात. आणि सगळ्यात साधी गोष्ट : कंट्रोल रूमच्या दाराचा क्लोजर मोडतो, गास्केट फाटतं, आणि दार बंद राहावं म्हणून कोणीतरी दोरीची गाठ मारून ठेवतं. त्या फटीतून इंजिनरूम आत येते. कागदावर ती खोली ७५ ची असते. तिथं बसून लॉगबुक लिहिणाऱ्या माणसाला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल, तर ती ७५ ची राहिलेली नाही हे कळायला यंत्रही लागत नाही. दाराच्या गास्केटला पैसे ते किती लागतात? पण इंडेंटवर (ऑफिसला पाठवायच्या मागणीपत्रावर) ते 'नॉन-क्रिटिकल' म्हणून मागे सरकतं, कारण आवाजाचा ताजा आकडा कोणाकडे नसतो आणि आकड्याशिवाय ऑफिस ऐकत नाही.

शिवाय ट्रायलच्या दिवशी बोटीवर चिपिंग, म्हणजे गंज ठोकून काढण्याचं काम, होत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आवाज म्हटलं की सगळे इंजिनरूमकडे बोट दाखवतात, आणि डेकवरच्या पोरांचं नाव निघत नाही. बल्क कॅरिअरच्या (सुटा माल नेणाऱ्या जहाजाच्या) होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, आणि त्याच्या तोंडाच्या कठड्यावर, हॅच कोमिंगवर, नीडल गन आणि जेट चिझल ही गंज ठोकायची हत्यारं घेऊन तीन-चार जण दिवसच्या दिवस गंज काढत बसतात. होल्ड म्हणजे पोलादाची बंद पेटी. आवाजाला जायला वाट नाही, तो भिंतींवरून परत परत अंगावर येतो. हत्यार धरणाऱ्याच्या कानावर बहुतेक वेळा मफ असतो. पण त्याच्यापासून पाच-सहा फुटांवर एक ऑर्डिनरी सीमन (कनिष्ठ खलाशी) ब्रश घेऊन प्रायमर मारत असतो, त्याच्या कानाला काहीच नसतं. त्याच्या कामाच्या रिस्क असेसमेंटमध्ये लिहिलेलं असतं : पेंटिंग, धोका थिनरची वाफ, उपाय मास्क. आवाजाची ओळच नाही, कारण ब्रश आवाज करत नाही! वर त्या थिनरमधलं टोल्युइन, झायलीन हेही कानाच्या आतल्या पेशींना बाधणारं रसायन. युरोपच्या नियमांत आवाज आणि अशी रसायनं एकत्र धरून जोखीम मोजायला स्पष्ट सांगितलं आहे. आपल्या फॉर्मवर दोन वेगवेगळ्या पानांवर दोन वेगवेगळी कामं असतात, आणि दोन्हींच्या मध्ये तो पोरगा उभा असतो.

आता 'उपाय : इअर मफ' या तीन शब्दांकडे येतो. मफच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की तो २५ किंवा ३० डेसिबल कमी करतो. तो आकडा प्रयोगशाळेतला. ब्रिटनचे आरोग्य-सुरक्षा अधिकारी त्यातून सरसकट ४ डेसिबल वजा करायला सांगतात. चष्म्याची काडी मफच्या गादीखाली गेली की फट पडते. हेल्मेटला जोडलेले मफ नीट बसत नाहीत. ४५ अंशांच्या उकाड्यात गादीखाली घाम साचतो, कानात बुरशी होते. फोमचे प्लग तेलकट बोटांनी वळून घातले तर वेगळीच दुखणी. पण खरा घोळ वेळेचा आहे. समजा इंजिनरूममध्ये १०५ डेसिबल आहेत आणि मोटरमनचे चार-चार तासांचे दोन वॉच (पाळ्या) आहेत. पूर्ण वेळ मफ लावला तर खोक्यावरच्या २५ च्या हिशोबानं त्याच्या कानात ८० जातील, उत्तम. आता या ८ तासांतली फक्त ४८ मिनिटं, म्हणजे दहावा हिस्सा, त्यानं मफ काढला. तेवढ्यानं त्याचं संरक्षण २५ वरून १० डेसिबलच्या खाली येतं. मफ कितीही महागडा आणा, जगातला सर्वांत चांगला आणा, दहापेक्षा जास्त फायदा होऊच शकत नाही, कारण त्या ४८ मिनिटांत शिरलेला आवाज बाकीच्या सात तासांवर भारी पडतो. कानात गेले ९५. मर्यादेच्या दहापट ऊर्जा. आणि फॉर्मवर 'इअर मफ दिला' ही खूण बरोबरच आहे, खोटं कोणी लिहिलेलं नाही.

तो मफ काढतो का? बेफिकिरीनं काढतो, असं ऑफिसात बसून वाटतं. इंजिनरूममध्ये कान हे अवजार आहे. पंपाचं बेअरिंग बोलायला लागलंय की नाही हे पाहायला आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानापाशी धरतो. प्रत्येक इंजिनियरनं हे केलंय, व्हायब्रेशन मीटर असलेल्या बोटीवरसुद्धा. फोन आला की बूथमध्ये मफ उतरतो. सेकंड काही सांगायला आला की एका बाजूचा मफ वर होतो, कारण सूचना ऐकली नाही तर शिव्या त्यालाच. वॉकीटॉकी खांद्याला, कानाला नाही. आणि गरजेपेक्षा जास्त आवाज अडवणारे मफ दिले तर माणसाला कोंडल्यासारखं होतं, अलार्म ऐकू येणार नाही अशी धास्ती वाटते, मग तो मुद्दाम सैल लावतो. सीओटूचा (आग विझवायला सोडतात त्या गुदमरवणाऱ्या वायूचा) अलार्म ऐकणं हा जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे त्या धास्तीला मी हसणार नाही. म्हणूनच मफ हा शेवटचा उपाय म्हणतात. आधी आवाजाचं मूळ, मग मधली आडकाठी, मग माणसाचा तिथला वेळ, आणि सगळं करून उरलं तर मफ. आपल्या फॉर्मवर क्रम उलटा आहे, आणि पहिल्या पायरीवरच थांबलेला आहे.

कारखान्यातला कामगार शिफ्ट संपली की घरी जातो. त्याच्या कानाला रात्रभर शांतता मिळते, दिवसभराचा थकवा थोडाफार उतरतो. खलाशाचं घर त्याच कारखान्याच्या माळ्यावर असतं. सहा-आठ महिने. जुन्या किंवा लहान बोटीवर स्टिअरिंग गिअरशेजारची केबिन किंवा फनेलच्या केसिंगला चिकटलेली केबिन नेहमी क्रूच्या वाट्याला येते, अधिकाऱ्यांच्या नाही, हेही लिहून ठेवतो. म्हणून जहाजावर २४ तासांचा हिशोब करायचा असतो. ८ तासांना ८५ म्हणजेच २४ तासांना साधारण ८०, पण तो हिशोब उरलेले १६ तास कानाला खरंच विश्रांती मिळाली असं धरून आहे.

आता वैद्यकीय तपासणीबद्दल. इथं मला वाटतं महासंचालनालयाच्या हातात सर्वांत जास्त आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि सागरी संघटना यांनी खलाशांच्या तपासणीसाठी २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात ऐकण्याची कसोटी अशी : ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ या चार स्वरांची सरासरी चांगल्या कानात ३० आणि दुसऱ्या कानात ४० डेसिबलच्या आत असावी. म्हणजे माणूस बोललेलं ऐकू शकतो का, आज कामाला योग्य आहे का, एवढं या कसोटीतून कळतं. पण आवाजानं बिघडणारा कान सुरुवातीला या चार स्वरांत बिघडतच नाही. त्याचा पहिला खड्डा पडतो ४००० हर्ट्झच्या आसपास. कुठल्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाला विचारा, ऑडिओग्राममधला (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखातला) तो खड्डा दिसला की ते आधी नोकरी विचारतात. थोडक्यात, जिथं चोर शिरतो ती खिडकी सोडून बाकीच्या चार खिडक्या आपण दर दोन वर्षांनी तपासतो आणि 'फिट'चा शिक्का देतो. शिक्का खोटा नसतो. खड्डा रुंद होत होत ३००० आणि २००० पर्यंत पोचतो तेव्हा सरासरी घसरते, आणि तोवर गेलेलं परत येत नाही. आतल्या कानाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यावर औषध नाही.

काही दवाखान्यांत ४००० आणि ८००० हर्ट्झलाही तपासतात, आलेख छापून निघतो. तो जातो कुठे? मी पाहिलं त्याप्रमाणे दवाखान्याच्या फाइलीत. खलाशाच्या हातात पडतं ते सर्टिफिकेट. पुढच्या वेळी कंपनी वेगळी, म्हणून दवाखाना वेगळा, म्हणून आलेख नवा. दोन आलेख शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. एका आलेखावरून फारसं कळत नाही, मागच्या आलेखापासूनची घसरण पाहावी लागते. बोटीवरच्या नोकरीचा करारच असा आहे की माणूस एका मालकाचा नसतो. दहा-पंधरा कंपन्या, वीस-पंचवीस बोटी. प्रत्येक कंपनीनं आपल्या सहा महिन्यांचं मूल्यमापन केलं, प्रत्येकाची जोखीम 'मध्यम' निघाली. बेरीज कोणाच्या खात्यावर टाकायची? निवृत्तीनंतर कोणी भरपाई मागायला गेलाच तर त्याला पहिला प्रश्न हाच येतो की हे आमच्याच बोटीवर झालं कशावरून. त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण नोकरीला लागताना कान कसे होते याचा कागद नाही.

दापोली, खेड, गुहागर, बाणकोटच्या खाडीकाठची गावं, गोव्यात साष्टी आणि बार्देश. 'बोटीवर आहे' हे वाक्य इथं घरटी ऐकायला मिळतं. या गावांतल्या निवृत्त ऑइलमन, मोटरमन, फिटर मंडळींशी बोलून पाहा. ते बहिरे नसतात. समोरचा बोलतोय हे त्यांना कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. वरच्या पट्टीतले स, श, फ असे उच्चार आधी गळतात. बाजारात 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, जिथं चार आवाज एकत्र येतात तिथं ते गप्प बसतात, आणि घरचे म्हणतात, यांचं मुद्दाम लक्ष नसतं. रात्री कानात शिट्टी वाजत राहते, तिचं तर ते कोणाला सांगतही नाहीत. इंजिनरूममध्ये हेच 'आठ की साठ' व्हॉल्व्हच्या प्रेशरबद्दल झालं तर काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

लहान बोटींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथं लिहायला नियमच फारसे नाहीत. १,६०० टनांखालच्या बोटी त्या संहितेच्या सक्तीबाहेर आहेत. मासेमारी बोटी, ड्रेजर, क्रेन बार्ज, पाइप टाकणारे बार्ज हे प्रकारही नावानिशी वगळलेले. मुंबई बंदरातले टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी), धरमतरच्या खाडीत जाणारे बार्ज, मांडवी-झुआरीवरचे खनिजाचे बार्ज, मुंबई हायला सामान नेणाऱ्या बोटींपैकी लहान, यांतल्या कितीतरी बोटींवर इंजिन आणि झोपायची जागा यांच्यामध्ये एक लोखंडी पत्रा असतो, बस. मिरकरवाडा किंवा ससून डॉकमधल्या ट्रॉलरवर तांडेल इंजिनाच्या डोक्यावरच बसतो. अंतर्गत जलमार्गांचे बार्ज २०२१ च्या कायद्याखाली येतात, मासेमारी राज्याच्या खात्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण टग आणि किनारी बोटी आपल्याकडे आहेत, आणि आवाज मात्र टगवर महाकाय टँकरपेक्षा जवळून लागतो.

सागरी श्रम करार भारतानं ९ ऑक्टोबर २०१५ रोजी मान्य केला, २०१६ चे नियम आले. त्या करारात आवाजासाठी स्वतंत्र मार्गदर्शक कलम आहे : खलाशांना दीर्घकाळच्या आवाजाचा धोका समजावून सांगा, संरक्षण द्या, आणि राहण्याच्या जागा, गॅली, इंजिनरूम अशा सर्व ठिकाणी जोखीम तपासून आवाज कमी करा. हे कलम बंधनकारक भागात नसून सूचनांच्या भागात आहे, म्हणून ते वाचून बाजूला ठेवता येतं. ब्रिटननं २००७ मध्येच व्यापारी आणि मासेमारी दोन्ही बोटींसाठी वेगळे नियम केले : ८० ला कृती सुरू, ८५ ला सक्ती, ८७ ही कानाच्या आतली कमाल मर्यादा, आणि ८५ च्या वर काम करणाऱ्याच्या कानांची नियमित तपासणी मालकाच्या खर्चानं. तिथले खलाशी आपल्या खलाशांपेक्षा नाजूक कानांचे नाहीत. जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत आपण आहोत, ५ एप्रिलला छातीला झेंडा लावून आपण ते सांगतोही. तेव्हा हा नियम लंडनमध्ये आधी झाला यात मला तरी थोडी लाज वाटते.

माझी मुख्य मागणी एकच आहे, बाकीच्या तिच्या पोटातल्या. प्रत्येक भारतीय खलाशाला आपण आयुष्यभरासाठी एक इंडोस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक) देता. त्याची सर्टिफिकेटं, समुद्रावरची सेवा, सगळं त्याला जोडलेलं असतं. त्याच नंबराला त्याचा ऑडिओग्राम जोडावा. पहिला आलेख ट्रेनिंगला प्रवेश घेताना, कान कोरे असताना. नंतर प्रत्येक वैद्यकीय तपासणीला, आणि त्यात ३०००, ४०००, ६००० हे स्वर सक्तीनं. डॉक्टरानं मागचा आलेख समोर ठेवूनच नवा लिहावा. घसरण दिसली की ती खलाशाला समजेल अशा शब्दांत सांगावी, आलेखाची प्रत त्याला द्यावी. यंत्रं दवाखान्यांत आहेत, पोर्टल आपल्याकडे आहे. नवं काही विकत घ्यायचं नाही.

दुसरी बाजू बोटीवरची. नॉइज सर्व्हे जागेचा झाला, आता माणसाचा व्हावा. खांद्याला लावायचं डोसीमीटर येतं, दिवसभराची मात्रा ते स्वतः मोजतं. वर्षातून एकदा, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर, मोटरमन, फिटर, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), चिपिंगवरचा एबी (अनुभवी खलाशी), कूक अशा प्रत्येक हुद्द्याच्या एकाच्या खांद्यावर ते पूर्ण दिवस असावं, समुद्रावर एकदा आणि बंदरात कार्गो चालू असताना एकदा. (टँकरवाले लगेच विचारतील : स्फोटक वायूच्या जागेत चालणारी, इंट्रिन्सिकली सेफ अशी यंत्रंही मिळतात.) फोनवरच्या ॲपचे आकडे यात धरू नयेत, कॅलिब्रेट न केलेल्या यंत्राला माझ्या लेखी किंमत नाही. आलेला आकडा फॉर्मवर लिहावा. 'मध्यम' हा शब्द आवाजाच्या रकान्यातून काढूनच टाकावा, तिथं डेसिबल आणि तास यायला हवेत. पाच किंवा जास्त खलाशी असलेल्या बोटीवर सुरक्षा समिती असावीच लागते. हा आकडा त्या समितीच्या बैठकीत वाचून दाखवला आणि इतिवृत्तात गेला, की दाराच्या गास्केटचा इंडेंट पुढे सरकतो की नाही पाहा.

एक भीती मला खुद्द खलाशांनीच बोलून दाखवली आहे, आणि ती खरी आहे. कानाची नोंद ठेवली तर कंपन्या तीच नोंद पाहून नाकारतील. आज कान थोडे गेले तरी माणूस लपवतो, तपासणीला जाताना अंदाजानं बटण दाबतो, कारण 'अनफिट'चा शिक्का म्हणजे घराचा हप्ता थांबला. ही भीती न काढता माझी मागणी मान्य केलीत तर नुकसान होईल, म्हणून स्पष्ट लिहितो : आलेख कंपनीला दिसता कामा नये. आरपीएसएल (खलाशी भरतीचं लायसन्स असलेल्या) कंपनीला किंवा मालकाला फक्त 'फिट' की 'अनफिट' एवढंच कळावं, आजच्यासारखंच. ४००० चा खड्डा हे नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असं परिपत्रकात छापून यावं, आणि तसं कोणी केल्याचं सिद्ध झालं तर लायसन्सवर कारवाई व्हावी. आपल्याला मात्र नाव वगळून एकत्रित आकडे दिसतील. कुठल्या प्रकारच्या बोटीवर, कुठल्या हुद्द्याचे कान लवकर घसरतात, हे पाच वर्षांत समजेल. आज ते देशात कोणालाच सांगता येणार नाही.

मालकांच्या संघटना खर्चाचं बोलतील. डोसीमीटरचा एक संच आठ-दहा बोटींना फिरवता येतो, कंपनीचे सुपरिंटेंडंट एरवीही बोटींवर जातच असतात. त्यांना वेळ द्यावा, दोन वर्षं द्यावीत. मोठ्या बोटींपासून सुरुवात झाली तरी चालेल, फक्त टगना 'नंतर पाहू' म्हणून कायमचं बाजूला ठेवू नये.

२०२५ च्या नव्या व्यापारी नौवहन कायद्यासोबत नियम नव्यानं लिहिण्याची संधी आपल्याकडे आली आहे. वैद्यकीय तपासणीच्या नमुन्यात काही जादा रकाने आणि इंडोसशी जोडणी, एवढं तर त्यासाठी थांबण्याचीही गरज नाही, परिपत्रकानं होण्यासारखं आहे. आवाजाच्या मूल्यमापनाचा फॉर्म कसा असावा याचा मी एक मसुदा केला आहे : काम, जागा, डेसिबल, तास, शेजारी दुसरं कोण काम करतंय, मफ किती वेळ निघतो आणि का. काही चालू नोकरीतल्या सेकंड इंजिनियरांनी तो आपापल्या बोटीवर भरून पाहिला आहे, एका पानात बसतो. आपल्या कार्यालयातून बोलावणं आलं तर भरलेले नमुने घेऊन कांजूरमार्गला येईन. बोलावलंत तर सोबत दोन मोटरमनांनाही आणायची परवानगी असावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ इंजिनियर
जि. रत्नागिरी